एकच काम येणारं यंत्र

जुलै १९९८ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं एक यंत्र जगापुढे आणलं. त्यात खास बनवून घेतलेल्या १,८५६ चिप होत्या, सगळा खर्च अडीच लाख डॉलरच्या आत बसला होता, आणि त्याला काम एकच येत होतं : डीईएस या सरकारमान्य संकेतपद्धतीची किल्ली शोधणं. शोधणं म्हणजे शक्य असलेल्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहणं. ५६ तासांत किल्ली सापडली. डीईएस फोडणारं यंत्र कुणाला परवडण्यासारखं नाही असं सरकारी अधिकारी तोवर सांगत होते. तो युक्तिवाद त्या दिवशी संपला. 'डीप क्रॅक' हे त्या यंत्राचं टोपणनाव.

बिटकॉइन मायनिंगच्या यंत्रांची कथा बहुतेक जण २००९ पासून सांगतात. मला वाटतं, त्यांचं घराणं इथपासून मोजायला हवं, किंबहुना याच्याही मागून. १९३८ मध्ये पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीनं एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राच्या मांडण्या तपासण्यासाठी 'बोंबा' नावाचं विद्युत-यांत्रिक यंत्र आखलं. १९४० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांच्या आराखड्यावरून इंग्लंडात त्याचे पुढचे भाऊबंद तयार झाले. या सगळ्यांचा स्वभाव सारखाच. एक ठरलेली कृती घ्यायची आणि ती अफाट वेगानं, न थांबता करत राहायची. बाकी काही यायला नको. फरक एवढाच की या यंत्रांना किल्ली सापडली की त्यांचं काम संपायचं. आज टेक्सासच्या माळावर ओळीनं लावलेली मायनिंग यंत्रं तेच करतात, पण त्यांच्या कुलपाचा आकडा दर दहा मिनिटांनी बदलतो, म्हणून त्यांचं काम कधीच संपत नाही.

घराण्याची दुसरी शाखा अगदी वेगळ्या चिंतेतून निघाली. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोघांनी असं सुचवलं की नको असलेल्या ई-मेलचा पूर थांबवायचा तर प्रत्येक पत्रामागं पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडं गणित करायला लावावं. एक पत्र पाठवणाऱ्याला ते जाणवणार नाही, लाखो पत्रं पाठवणाऱ्याला परवडणार नाही. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅकनं 'हॅशकॅश' या नावानं ही कल्पना वापरण्याजोगी केली. या विचाराच्या मुळाशी एक गृहीतक होतं, ते म्हणजे सगळ्यांकडे साधारण सारख्याच ताकदीचे संगणक आहेत. डीप क्रॅकनं नेमकं हेच दाखवून दिलं की तसं नसतं. पैसे आणि जिद्द असली की एकाच गणितासाठी असं यंत्र बनतं, ज्यापुढे घरचे हजारो संगणक फिके पडतात. पुढची सगळी कहाणी या दोन शाखा एकत्र आल्यामुळे घडली.

सातोशी नाकामोतो या नावानं लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीनं ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. व्यवहारांची वही कोणी लिहायची, हा त्यातला कळीचा प्रश्न. उत्तर असं : नव्या पानाचा, म्हणजे ब्लॉकचा, ८० बाइटचा मथळा घ्यायचा, त्यातला एक आकडा बदलत राहायचं आणि दर वेळी तो मथळा एसएचए-२५६ या सूत्रातून दोनदा काढायचा. निघणारी संख्या ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली आली की पान तुमचं, बक्षीस म्हणून मिळणारी नवी नाणीही तुमची. या शोधालाच मायनिंग म्हणतात. प्रवासी बॅगेच्या आकड्यांच्या कुलपासारखं हे आहे. आधीचा आकडा चुकला म्हणून पुढचा आकडा जवळ आला असं होत नाही, फिरवत राहणं एवढंच हाती असतं.

इथं एक बारकी गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण यंत्रांची तुलना म्हणजे काय हे तिच्यावर ठरतं. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कुलपाची काठिण्यपातळी आपोआप बदलते. सगळ्यांनी मिळून वेग वाढवला तर कुलूप तेवढंच अवघड होतं आणि पान पुन्हा दहा मिनिटांनीच लिहिलं जातं. नव्या यंत्रांनी जगात जास्त नाणी येत नाहीत. गिरणीत दुप्पट वेगाचा माग आला तर कापड दुप्पट निघतं. इथं सगळ्यांनी दुप्पट वेगाची यंत्रं घेतली तर निघतं तेवढंच. म्हणून मायनिंग यंत्राला स्वतःचं असं मोल नसतं. शेजाऱ्याच्या यंत्राशी तुलना केली तरच त्याला मोल येतं, आणि शेजारी थांबायला तयार नसतो.

सातोशीच्या आराखड्यात एक राजकीय म्हणावी अशी कल्पना होती : एक सीपीयू, एक मत. कोणालाही आपल्या घरच्या संगणकानं या वहीच्या लेखनात भाग घेता यावा. पहिलं वर्ष-दीड वर्ष ते तसंच चाललं. हॅल फिनी हा नामवंत संकेतशास्त्रज्ञ सातोशीकडून पहिला व्यवहार मिळवणारा माणूस. १२ जानेवारी २००९ रोजी त्याला १० नाणी मिळाली. त्यानं आपल्या संगणकावर काही ब्लॉक काढले, आणि मग संगणक तापतो, पंख्याचा आवाज त्रास देतो म्हणून ते बंद केलं. पुढं आजारपणात लिहिलेल्या आठवणीत त्यानंच हे सांगितलं आहे. मला या प्रसंगात एक सुख दिसतं. बंद केल्यावर त्याच्यापाशी संगणक उरला होता. पत्रं लिहायला, प्रोग्राम करायला, काहीही करायला.

त्या काळातला साधा संगणक सेकंदाला काही दशलक्ष वेळा कुलूप फिरवून पाही. चांगला प्रोसेसर आणि नीट लिहिलेला प्रोग्राम असला तर दहा-वीस दशलक्ष. असा एक प्रयत्न म्हणजे एक हॅश, दशलक्ष म्हणजे मेगाहॅश. वेगवेगळे प्रोसेसर घेऊन 'तुझे किती मेगाहॅश' असं विचारणं, एवढीच तेव्हाची तुलना. वीज किती लागते हे फारसं कोणी विचारत नसे, कारण संगणक तसाही चालूच असायचा.

मे २०१० मध्ये फ्लोरिडातल्या लास्लो हान्येच या प्रोग्रामरनं दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्याकडे एवढी नाणी आली कशी, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. त्यानं मायनिंगचं काम ग्राफिक्स कार्डावर नेलं होतं. असं होणार हे सातोशीला दिसत होतं. डिसेंबर २००९ मध्येच त्यानं असं लिहून ठेवलं होतं की जाळ्याच्या भल्यासाठी सभ्य माणसांनी आपसांत ठरवून ग्राफिक्स कार्डांची चढाओढ शक्य तितकी लांबवावी. ठरावाला बांधील कोणीच नव्हतं. बक्षीस वेगाला मिळणार आणि वेग दुकानात विकत मिळणार म्हटल्यावर अशा आवाहनाचं आयुष्य किती असणार?

ग्राफिक्स कार्ड जिंकलं याचं कारण त्याच्या मूळ कामात आहे. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांवर एकाच वेळी तीच क्रिया करायची असते, म्हणून त्यात छोटे छोटे शेकडो गणनघटक असतात. किल्ल्या लावून पाहणं हेही तसंच काम. पण सगळी कार्डं सारखी नव्हती, आणि या फरकाचं कारण मला फार रोचक वाटतं. एसएचए-२५६ मध्ये ६४ फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत ३२ बिटांची पट्टी उजवीकडे फिरवण्याची कृती पुन्हा पुन्हा येते; टोकाचे बिट गळून न पडता दुसऱ्या टोकाला येऊन बसतात. एएमडीच्या त्या काळच्या कार्डांत ही कृती एका सूचनेत होई. एनव्हिडियाच्या कार्डाला त्यासाठी दोनदा सरकवून मग बेरीज करावी लागे. शिवाय एएमडीच्या रेडिऑन एचडी ५८७० मध्ये १,६०० लहान घटक होते. परिणाम असा की हे कार्ड सेकंदाला ४०० मेगाहॅशच्या आसपास जाई, आणि एनव्हिडियाचं त्या पिढीतलं महागडं कार्ड त्याच्या निम्म्यालाही पोचत नसे. खेळ खेळणाऱ्यांच्या लेखी दोन्ही कार्डं तोडीस तोड होती. कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, एका सूचनेच्या जोरावर, एका कंपनीची कार्डं बाजारातून गायब झाली.

'तुमच्या कामासाठी कोणतं कार्ड चांगलं' हे कार्डाच्या एकूण गुणवत्तेवरून कळत नाही, इतक्या अरुंद कामाशी आता गाठ होती. एका मदरबोर्डला चार-सहा कार्डं लटकवून लोकांनी तळघरात, गॅरेजमध्ये मांडण्या उभ्या केल्या. विजेचं बिल पहिल्यांदा हिशेबात आलं. एकट्याला ब्लॉक सापडणं अवघड झालं, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये चेक प्रोग्रामर मारेक पालातिनस यानं पूल सुरू केला : सगळ्यांनी मिळून शोधायचं, मिळेल ते कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. साध्या सीपीयूचं मत तेव्हापासून मोजण्यापुरतंही उरलं नाही. तरी कार्डवाल्याची एक सोय शाबूत होती. धंदा बसला तर कार्ड एखाद्या गेमरला विकता येत होतं.

पुढची पायरी, एफपीजीए, दोनेक वर्षंच टिकली. ही चिप कारखान्यातून कोरी येते आणि तिच्या आतली जोडणी नंतर हवी तशी ठरवता येते. मायनिंगच्या आधी हाच मार्ग संकेत फोडणाऱ्यांनी घेतला होता : २००६ मध्ये जर्मनीतल्या बोखुम आणि कील विद्यापीठांनी १२० एफपीजीए जोडून 'कोपाकोबाना' हे यंत्र केलं आणि डीप क्रॅकचं काम दहा हजार डॉलरच्या आसपास आणून ठेवलं. मायनिंगमध्ये २०११ मध्ये झायलिंक्सची स्पार्टन-६ ही चिप लोकप्रिय झाली. तिचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या निम्माच, सुमारे २०० मेगाहॅश, आणि किमतीच्या मानानं ती महागही. तरी लोक ती घेत, कारण कार्ड जिथं जवळपास दोनशे वॅट खाई तिथं ही दहाच्या आसपास वॅटमध्ये भागवी. तुलनेचं माप इथं बदललं. सेकंदाला किती, याच्या जागी एका ज्यूल ऊर्जेत किती, हे विचारलं जाऊ लागलं. माझ्या दृष्टीनं एफपीजीएचं ऐतिहासिक महत्त्व तिच्या वेगात नसून या बदललेल्या प्रश्नात आहे.

मग आलं एसिक, म्हणजे एकाच कामासाठी ओतलेली चिप.

सर्वसाधारण प्रोसेसर आपली बरीचशी ऊर्जा गणितावर खर्च करतच नाही. पुढची सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, माहिती कुठून घ्यायची ते ठरवायचं, वाट कुठं वळेल याचा अंदाज बांधायचा. या सगळ्या व्यवस्थापनात ती जाते. एसिकमध्ये सूचनाच नसते. ६४ फेऱ्या तारांच्या रूपात सिलिकॉनमध्ये एकापुढं एक मांडलेल्या असतात. एका टोकानं मथळा आत शिरतो, दुसऱ्या टोकानं उत्तर बाहेर येतं, आणि पहिला मथळा दुसऱ्या फेरीत गेला की पहिल्या फेरीत पुढचा शिरतो. एसएचए-२५६ ला स्मृतीही फारशी लागत नाही, त्यामुळे चिपवरची जवळजवळ सगळी जागा गणितालाच मिळते.

यातून काय साधतं हे जानेवारी २०१३ मध्ये दिसलं. चीनमधल्या झांग नानगेंग आणि त्याचा सहकारी यीफू गुओ यांच्या 'अ‍ॅव्हलॉन' यंत्राची पहिली खेप त्या महिन्याच्या अखेरीस बिटकॉइनचा प्रोग्रामर जेफ गार्झिककडे पोचली. चिप ११० नॅनोमीटरची होती. इंटेल तेव्हा २२ नॅनोमीटरवर होतं. ११० म्हणजे दहा-बारा वर्षं जुनी, केव्हाच मागं पडलेली पद्धत. तरी यंत्र ६६ गिगाहॅश, म्हणजे ६६ हजार मेगाहॅश, वेगानं चाललं, सुमारे ६०० वॅटमध्ये. १६० हून अधिक उत्तम ग्राफिक्स कार्डांचं काम चार-सहा पंख्यांच्या एका पेटीत आलं. चिपची बारकाई आणि वय दोन्ही बाजूला पडले. आधुनिक तंत्रज्ञानावर निव्वळ एकाग्रतेनं मात केली, असं म्हणायला हरकत नाही.

२०१३ हे साल या घराण्यातलं सगळ्यात उलथापालथीचं. कारखाने नुसते कागदावर होते आणि लोक रांग लावून आगाऊ पैसे भरत होते. अमेरिकेत कॅन्ससची बटरफ्लाय लॅब्ज, स्वीडनची केएनसीमायनर, टेक्सासची कॉइनटेरा, कॅलिफोर्नियाची हॅशफास्ट; प्रत्येकाचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा. पण वर्षाच्या सुरुवातीला तीस लाखांच्या घरात असलेली काठिण्यपातळी त्याच वर्षाच्या डिसेंबरात शंभर कोटींच्या पुढं गेली. तीनशेपटीहून जास्त. याचा अर्थ, जानेवारीत ज्या यंत्रानं दिवसाला तीन नाणी दिली असती त्यानं वर्षाअखेरीस एका नाण्याचा शंभरावा भागही दिला नसता. अशा वेळी यंत्राची सर्वांत महत्त्वाची मोजणी गिगाहॅश नव्हती, वॅट नव्हती. ते तुमच्या दारात कोणत्या तारखेला येणार ही होती. आणि ती तारीख कुठल्याच कंपनीला पाळता येत नव्हती. सहा महिने उशिरा आलेलं यंत्र कागदावर अस्सल तेच असे, फक्त त्याची कमाई निघून गेलेली असे. बटरफ्लाय लॅब्जविरुद्ध सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन न्यायालयात गेलं. पैसे घेऊन यंत्रं वेळेवर न दिल्याचा आरोप होता, २०१६ मध्ये तडजोड झाली. हॅशफास्ट आणि कॉइनटेरा त्याआधीच दिवाळखोरीत गेल्या होत्या, केएनसीमायनर मे २०१६ मध्ये गेली. ज्यांनी या काळात आपली बचत भरली, त्या साध्या माणसांच्या नुकसानाला आकड्यांच्या तक्त्यांचा हातभार होता, हे विसरता येत नाही. तक्ता खोटा नव्हता. त्यात तारखेचा रकाना नव्हता.

या धामधुमीतून वर आली बिटमेन. वू जिहान आणि झान केतुआन यांनी २०१३ मध्ये ती काढली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँटमायनर एस१ विकायला सुरुवात केली : १८० गिगाहॅश, ३६० वॅट. इथून पुढं इतिहास एकाच आकड्यानं सांगता येतो, तो म्हणजे एक गिगाहॅश, म्हणजे शंभर कोटी प्रयत्न करायला किती ज्यूल लागतात. ग्राफिक्स कार्डाला सुमारे पावणेपाचशे. एफपीजीएला पन्नासेक. अ‍ॅव्हलॉनला नऊ. एस१ ला दोन. २०१६ च्या एस९ ला साधारण ०.१. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एस२१ ला ०.०१७५. ग्राफिक्स कार्डापासून इथवर सत्तावीस हजारपट. मध्ये एककच अपुरं पडलं आणि लोक गिगाहॅश सोडून त्याच्या हजारपट असलेल्या टेराहॅशमध्ये बोलू लागले.

एस९ वर थोडं थांबायला हवं, कारण या कुळातलं ते सर्वांत दीर्घायुषी यंत्र. त्यात तैवानच्या टीएसएमसी कारखान्यातल्या १६ नॅनोमीटरच्या १८९ चिप होत्या, तीन पट्ट्यांवर ६३-६३. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून रचनाकारांनी प्रत्येक चिपला अर्ध्या व्होल्टच्याही आत चालवलं. एवढा कमी दाब आणि एवढा मोठा प्रवाह वेगवेगळा पुरवताना बरीच ऊर्जा वाया गेली असती, म्हणून चिपच्या जथ्थ्यांना एकाला एक जोडून साखळी केली. साडेतेरा टेराहॅश, सुमारे १,३२० वॅट. म्हणजे दिवसाला जवळपास ३२ युनिट वीज. एस२१ दोनशे टेराहॅशसाठी दिवसाला ८४ युनिट घेतो. एक टेराहॅश दिवसभर चालवायला एस९ ला सव्वादोन युनिटहून थोडी जास्त, एस२१ ला अर्ध्या युनिटहूनही कमी. या दोघांची गाठ एकाच जाळ्यात पडली की एस९ वाल्याला एकच वाट उरते : जवळजवळ फुकट वीज शोधणं.

आणि एस९ वाले ती शोधत गेले. सिच्वानमधल्या पावसाळ्यातल्या जलविद्युतकेंद्रांपाशी, इनर मंगोलियातल्या आणि शिनज्यांगमधल्या कोळशापाशी. पावसाळा संपला की यंत्रं ट्रकमध्ये भरून दक्षिणेतून उत्तरेकडं जात. यंत्रांची तुलना आता जागांची तुलना झाली. २०२१ च्या मे-जूनमध्ये चीननं मायनिंग बंद पाडलं, जगाचा एकूण वेग काही आठवड्यांत निम्म्यावर आला, आणि तीच यंत्रं कझाकस्तानात आणि टेक्सासमध्ये नव्या मालकांकडे दिसू लागली.

घरचा संगणक वापरणाऱ्याच्या मताचं या प्रवासात काय झालं? बाजारातली बहुतेक यंत्रं एकट्या बिटमेनची असण्याचा काळ आला. एप्रिल २०१७ मध्ये असं उघड झालं की अँटमायनरच्या अंतर्गत प्रोग्राममध्ये अशी सोय ठेवलेली आहे, जिनं निर्मात्याच्या सर्व्हरवरून ही यंत्रं दुरून बंद करता येतील. कंपनीनं ती काढून टाकली. पण तोवर कळायचं ते कळलं होतं.

यंत्रांची ताकद अशी एकवटू नये म्हणून काही लोकांनी सूत्रच बदललं, आणि इथं डीप क्रॅकचं घराणं पुन्हा डोकावतं. कॉलिन पर्सिव्हलनं २००९ मध्ये 'स्क्रिप्ट' हे सूत्र रचलं ते पासवर्डांच्या रक्षणासाठी : खास चिप बनवून पासवर्ड फोडणाऱ्याला भरपूर स्मृतीही विकत घ्यावी लागावी, म्हणजे एकाग्रतेचा फायदा घटेल. २०११ मध्ये चार्ली ली यानं लाइटकॉइन या आपल्या नाण्यात ते वापरलं, मात्र स्मृतीची गरज बरीच खाली ठेवून. २०१४ मध्ये त्याचीही एसिक आली. इथेरियम या दुसऱ्या नाण्यानं जास्त कसून प्रयत्न केला. त्याच्या सूत्राला एक गिगाबाइटहून मोठी आणि वाढत जाणारी माहितीची फाइल सतत चाळावी लागे, म्हणून ग्राफिक्स कार्डं तिथं वर्षानुवर्षं टिकली. त्याची किंमत इतरांनी मोजली. २०१७ आणि २०२१ मध्ये जगभर, आपल्याकडेही, कार्डांचे भाव इतके चढले की व्हिडिओ संपादन करणाऱ्याला किंवा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला ती परवडेनात. मोनेरो हे नाणं तर पार सीपीयूपर्यंत मागं गेलं : ३० नोव्हेंबर २०१९ पासून त्याचं रँडमएक्स हे सूत्र यादृच्छिक छोटे प्रोग्राम चालवायला लावतं, जे सर्वसाधारण प्रोसेसरलाच नीट जमतं. एक सीपीयू, एक मत ही कल्पना तिथं जिवंत आहे, मात्र दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरून त्याचं मत चोरणाऱ्या प्रोग्रामांसकट.

बहुउद्देशी यंत्रांची आणखी एक कमजोरी न्यायानं सांगितली पाहिजे. ग्राफिक्स कार्डांवर चालणारी छोटी नाणी भाड्याच्या ताकदीनं लुटली गेली : मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्ड, जानेवारी २०१९ आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिक. हल्लेखोराला यंत्र विकत घ्यायची गरज नव्हती आणि नाणं कोसळलं तरी त्याचं काही जाणार नव्हतं. एसिकवाल्याचं तसं नाही. वही बुडाली तर त्याच्या हातात धातूचा डबा उरतो, म्हणून वही टिकवण्यात त्याचा स्वार्थ आहे. हा युक्तिवाद मला पटतो. पण त्यातच हेही कबूल होतं की सुरक्षितता मिळते ती यंत्राच्या निरुपयोगीपणातून.

आणि यंत्र निरुपयोगी झालं की त्याचं वजन कुठंतरी पडतं. ॲलेक्स डी व्रीस आणि क्रिस्टियान श्टोल यांनी २०२१ मध्ये अंदाज मांडला की बिटकॉइनच्या यंत्रांपासून वर्षाला ३०.७ हजार टन ई-कचरा होतो आणि यंत्राचं सरासरी आयुष्य १.२९ वर्षं आहे. आयुष्याचा आकडा फार कमी धरला आहे असं मायनिंग करणाऱ्यांचं म्हणणं, आणि एस९ सारखी उदाहरणं त्यांच्या बाजूनं आहेत. तरी आयुष्य दुप्पट-तिप्पट धरलं म्हणून त्या डब्यातली चिप दुसरं काही शिकत नाही. यंत्रांच्या तुलनातक्त्यांत वेग असतो, वॅट असतात, किंमत असते, आवाजाचे डेसिबलही असतात. मायनिंग थांबवल्यावर हे कशाला उपयोगी पडेल, हा रकाना मी कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा तोच आहे.

भारतात ही यंत्रं फारशी आलीच नाहीत. विजेचा दर, उकाडा, आणि २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, ज्यात मायनिंगच्या साधनांचा खर्च खरेदीखर्च म्हणून धरला जात नाही. आली ती यंत्रांची आश्वासनं. गेनबिटकॉइन प्रकरणात दुरून चालणाऱ्या 'क्लाउड मायनिंग'च्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पुण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. काठिण्यपातळी दर दोन आठवड्यांनी बदलते एवढं एक ठाऊक असतं, तरी कळलं असतं की कुठलंही मायनिंग यंत्र दीड वर्ष ठरावीक परतावा देऊच शकत नाही. यंत्रांच्या तुलनेचं ज्ञान सामान्य माणसाला का हवं, याचं माझ्यापाशी यापेक्षा चांगलं कारण नाही.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनं मायनिंगच सोडून दिलं. लाखो ग्राफिक्स कार्डं एका दिवसात बेकार झाली आणि बरीचशी जुन्या बाजारातून पुन्हा खेळांना, संपादनाला लागली. काही कंपन्यांनी त्याआधीच वळण घेतलं होतं. २०१७ मध्ये 'अटलांटिक क्रिप्टो' या नावानं ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम काढायला निघालेल्या कंपनीनं २०१९ मध्ये 'कोअरवीव्ह' असं नाव घेतलं आणि कार्डांची ताकद इतर गणनेसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत ती या धंद्यातली मोठी कंपनी झाली. दुसरीकडं 'कोअर सायंटिफिक' ही अमेरिकेतली बिटकॉइन मायनिंगमधली मोठी कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली. त्या वर्षीच्या जूनमध्ये या दोघींचा १२ वर्षांचा करार झाला. कोअरवीव्हला हवी होती सुमारे २०० मेगावॅट वीजजोडणी आणि ती वाहून नेणाऱ्या इमारती. यंत्रं तिला नको होती. कराराप्रमाणे जागा तयार करायची म्हणजे तिथली एसिक काढून दुसरीकडं हलवायची, छताखालची हवा आणि पाण्याची व्यवस्था नव्यानं करायची, आणि रिकाम्या ओळींत ग्राफिक्स चिप बसवायच्या.